चुलीएवढा गड

माणूस धंदा पैशासाठी काढतो म्हणे. डोंबल! हैबतराव सरदारांचा आचारी गोंदाजी चाकरी सोडून वेशीपाशी खानावळ थाटून बसला, तेव्हा सरदारांनाही तसंच वाटलं.

त्यांनी त्याला गडावर बोलावलं. "दुप्पट पगार देतो, मुकाट परत ये. नाहीतर तुझी चूल मोडून टाकीन."

"पगाराचं नाही, सरकार. इथं विषाच्या भीतीनं आमटीत मीठ दिवाणजी टाकतात. खारट झाली की शिव्या मात्र मला."

"चिमूटभर मिठासाठी चाकरी सोडलीस? गाढवा!"

गोंदाजीनं हात जोडले. "एक विचारू? बादशहा आपल्याला राजधानीत महाल देत होता. तो सोडून या उघड्याबोडक्या डोंगरावर का राहिलात?"

सरदारांनी मिशीला पीळ भरला. "तिथं उठता-बसता मुजरे घालायचे! इथं माझा हुकूम चालतो. डोंगर बोडका असेना का, माझा आहे!"

"तेच म्हणतो, सरकार. माझा गड चुलीएवढा आहे. पण तिथं मीठ मी टाकतो."

सरदार खो खो हसले. "राहू दे तुझी चूल. उद्या तुझ्या गडावर जेवायला येतो."

"या की! दिवाणजींना तेवढं इथंच ठेवा."