तळ्याचा चोर

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. गावात बारा घरं, बारा शेतं आणि सगळ्यांत मिळून एक तळं. तळ्याचं दार उघडून पाटाने पाणी सोडायचं काम केरूबा पाटकऱ्याचं. त्याचं स्वतःचं शेत पाटाच्या अगदी टोकाला, म्हणून त्याची पाळीही शेवटची, बाराव्या दिवशी.

आता या गावाची रीत ऐका. पाणी सोडायचं ते भर दुपारी, सूर्य डोक्यावर आला की. का? तर लख्ख उजेडात कुणी कुणाचं पाणी वळवू शकणार नाही म्हणून! बांधावरची झाडंसुद्धा त्यांनी तोडून टाकली होती. झाडामागे कुणी लपलं तर? कुणाचा म्हणून कुणावर विश्वास नव्हता.

सांगून सांगून केरूबाच्या तोंडाला फेस आला. अहो, पाणी पहाटे सोडू या, दुपारी पाट तापलेला असतो, निम्मं पाणी वाटेतच वाफ होऊन जातं. बांधावर पुन्हा झाडं लावू या, पिकाच्या बुडाशी पालापाचोळा पसरू या. पण ऐकतंय कोण! अंधारात दार उघडायचं म्हणतो म्हणजे याच्याच मनात काहीतरी काळंबेरं आहे, असं लोक म्हणू लागले.

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. माघात तळं तळाला जाऊ लागलं. केरूबाचा गहू ओंबीवर आला होता आणि त्याला आणखी एकच पाणी हवं होतं. ते मिळालं तर वर्षाचे दाणे घरात, नाहीतर चार लेकरं उपाशी. नेमकी तेव्हाच गावात कुजबुज सुरू झाली, की केरूबा पाणी चोरतो.

केरूबाचं डोकंच फिरलं. गावात शब्द चालायचा तो पाटलांचा, म्हणून तो तडक त्यांच्याकडे गेला.

"पाटील, उद्या मी दार उघडतच नाही," तो म्हणाला. "बाराही घरांनी दिवसभर काठावर बसावं. पाण्यात काठी रोवू, काठीवर खूण करू. मग बघू चोर कोण ते."

दुसऱ्या दिवशी सगळे येऊन बसले. दार बंद, पाट कोरडा. माणसं उन्हात भाजून निघाली, पण एकमेकांवरची नजर कुणी हलवली नाही. संध्याकाळी पाहतात तर पाणी खुणेच्या खाली चांगलं बोटभर उतरलेलं.

केरूबाला वाटलं, सुटलो एकदाचा. पण छे! लोक एकमेकांच्या घागरी तपासायला लागले. एकाने तर शेजाऱ्याचं धोतर पिळून पाहिलं. शेवटी ठरलं, की चोर भलताच हुशार आहे, तेव्हा पहारा वाढवा आणि दार दुपारीच उघडा. केरूबाने कपाळावर हात मारून घेतला.

पाळ्या फिरत राहिल्या. बारावा दिवस उजाडला तेव्हा तळ्यात नुसता चिखल होता. केरूबाचा गहू उभ्या उभ्या वाळला. भर दुपारी सोडलेलं निम्मंशिम्मं पाणी बाकीच्यांनाही पुरलं नाही; आठ दिवसांत त्यांचीही तीच गत झाली, पाटलांच्या गव्हासकट. आता प्यायलाही पाणी नाही, गाव सोडण्यावाचून गत्यंतर नाही. निघायच्या दिवशी सगळे कोरड्या तळ्यावर जमले.

"केरूबा, आता तरी खरं सांग," पाटील म्हणाले. "पाणी नेलं कुणी?"

केरूबा वैतागाच्याही पलीकडे गेला होता. त्याने हात वर केला आणि तळपत्या सूर्याकडे बोट दाखवलं.

वर कुणीच पाहिलं नाही. त्याचं बोट ओलं आहे का, ते सगळे बघत होते.

तात्पर्य: जे शेजाऱ्यावर पहारा ठेवण्यात दिवस घालवतात, त्यांचं पाणी ऊन त्यांच्या डोळ्यांदेखत पिऊन जातं.