कांचनखोऱ्याची झोप

एका राज्यात डोंगरांच्या कुशीत एक खोरे होते, आणि त्या खोऱ्यात कोणालाच झोप येत नव्हती. म्हातारे जागे, तरणे जागे, गोठ्यातली गुरे जागी, वळचणीची पाखरे जागी. कारण असे की, थोरल्या राजाने आपला सोन्याचा खजिना तिथल्या तळ्याखाली पुरला होता. त्याच्या आज्ञेने कालभृंग नावाच्या मांत्रिकाने साऱ्या खोऱ्याची झोप काढून घेतली, तिची साखळी घडवली आणि ती खजिन्याभोवती गुंडाळली. खजिन्याला जो हात लावी, तो तिथल्या तिथे निजून दगड होई. थोरला राजा मेला, त्याचा मुलगा धृतिसेन गादीवर आला, पण साखळी तशीच राहिली. खोऱ्याला लोक कांचनखोरे म्हणत, आणि तिथे सोयरीक करायला कोणी धजत नसे.

त्या खोऱ्यात शेवंती नावाची एक धनगरीण राहत होती. तिला मुलगी झाली. मुलगी जन्मली ती डोळे उघडे ठेवून, आणि ते डोळे तिने मिटलेच नाहीत. दूध पिई, पण अंगी लागेना. रडायचीसुद्धा ताकद तिच्यात उरली नाही. तेव्हा शेवंतीने लेकीला पाठीशी बांधले आणि काठी उचलली.

नवरा म्हणाला, "अगं, राजाविरुद्ध गाऱ्हाणे घेऊन कोणी जाते का?"

"राजाविरुद्ध नव्हे," शेवंती म्हणाली. "राजाकडे."

राजधानीच्या वाटेवर एका जुनाट वडावर धनेश पक्षी बसला होता. त्याला माणसाची वाणी होती. तो राजाच्या अर्जसभेचा द्वारपाल. रयतेची गाऱ्हाणी ऐकायला राजाने ही सभा नेमली होती, आणि तिच्या मुख्य आसनावर राजाची आत्या भद्रावती बसत असे.

धनेश म्हणाला, "बाई, तीन कामे करशील तर सभेचे दार उघडेल. हा शंख घे. ज्याचे दुःख त्याने आपल्या तोंडाने यात सांगावे. खोटे बोलाल तर शंख तडकेल, शिवी घालाल तर तो ती परत थुंकेल. मग दरबारातल्या एका सरदाराची मुद्रा त्यावर उमटवून आण. आणि शेवटी कालभृंगासमोर उभी राहून साक्ष दे. जे डोळ्यांनी पाहिलेस तेवढेच सांग. एक शब्द जरी ऐकीव सांगितलास, तर तो तुझी जीभ बांधील, आणि ती पुन्हा सुटणार नाही."

शेवंती आल्या पावली खोऱ्यात परतली आणि दारोदार फिरली. पहिल्यांदा तीच शंखात बोलली. "त्या मेल्या कालभृंगाचे तळपट होवो!" शंखाने शब्द उलटे फेकले, ते तिच्याच गालावर चापटीसारखे बसले. लोक हसले. कितीतरी वर्षांनी त्या खोऱ्यात कोणी हसले होते. हसता हसता एकेक जण पुढे आला. एक म्हातारा बोलू लागला, "माझी बायको या जाग्रणाने गेली," आणि शंख कर्रकन वाजला. म्हातारा थांबला. मग खाली मान घालून म्हणाला, "बायको साथीने गेली. पण तिची स्वप्ने मला पडत नाहीत. स्वप्नात तरी ती भेटली असती." शंख शांत झाला. शंख भरला, आणि जड झाला.

आता मुद्रा हवी होती. शेवंतीने एका सरदाराचे दार ठोठावले, त्याने मांत्रिकाच्या भयाने ते उघडले नाही. दुसऱ्याने उघडले आणि शंख पाहून लावून घेतले. उरला सरदार रणशूर. त्याच्या गढीभोवती निद्रापुष्पांचे रान होते. त्या फुलांच्या वासाने घोडेस्वार घोड्यासकट झोपी जात, म्हणून रणशूराने पहारेकरी ठेवलेच नव्हते.

शेवंती रानात शिरली. वाटेवर माणसे घोरत पडली होती. तिने लेकीला पाठीवरून सोडले, फुलांच्या गादीवर ठेवले, आणि स्वतः शेजारी आडवी झाली. पोटभर वास घेतला. वाट पाहिली. लेक टक्क डोळ्यांनी आभाळाकडे बघत राहिली. तेव्हा शेवंती पहिल्यांदा रडली. डोळे पुसून तिने लेकीला पाठीशी बांधले आणि रानातून चालत थेट गढीच्या दारात उभी राहिली.

रणशूर चकित झाला. त्याने शंख कानाला लावला आणि शेवटपर्यंत ऐकला.

"बाई, मला हे पटत नाही," तो म्हणाला. "खजिना राखलाच पाहिजे."

"आपल्याला पटावे म्हणून मी आले नाही, सरदार. सभेला ऐकू जावे म्हणून आले."

रणशूराने बोटातली अंगठी शंखावर दाबली. "पोचवणे माझे काम. ठरवणे सभेचे." आणि शंख स्वतःच्या हातांनी उचलून तो तिच्यासोबत निघाला.

अर्जसभा भरली. शंख बोलला, आणि साऱ्या खोऱ्याचा आवाज दालनात घुमला. मग भद्रावतीने कालभृंगाला बोलावले. तो काळी घोंगडी पांघरून आला.

"थोरल्या महाराजांची आज्ञा मी पाळली," तो म्हणाला. "दुष्काळात, युद्धात हाच खजिना राज्याला तारील. एक खोरे जागते, म्हणून सारे राज्य निर्धास्त निजते."

"साऱ्या राज्याच्या निर्धास्तीचा भार एकाच खोऱ्याने का वाहावा?" भद्रावतीने विचारले.

"कोणीतरी वाहायलाच हवा, आत्यासाहेब." मग तो शेवंतीकडे वळला आणि गोड आवाजात म्हणाला, "सांग बाई, माझ्या साखळीने किती लेकरे मेली?"

पलीकडच्या वाडीतली लेकरे गेल्याचे शेवंतीने ऐकले होते. शब्द ओठांवर आला. मांत्रिकाची बोटे घोंगडीखाली हलली. शेवंतीने ओठ मिटले, आणि मग हळू म्हणाली, "मेलेली मी पाहिली नाहीत. ही पाहिली आहे." तिने लेकीला सभेपुढच्या गालिच्यावर ठेवले. लेकीने एकेका सभासदाकडे पाहिले, पापणी न लववता. कालभृंगाची बोटे थांबली.

भद्रावती उठली. "दोन्ही बाजू ऐकल्या. आता खोरे पाहू."

सभा पालख्यांतून खोऱ्यात जाऊन राहिली, आणि तिथे पाहुण्यांनाही झोप येईना. एक लठ्ठ सभासद होता, जो प्रत्येक बैठकीत घोरत असे. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "हवा छान आहे." दुसऱ्या दिवशी बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी तळ्याकाठी बसून लहान मुलासारखा रडू लागला, आणि त्याचे डोळे पुसणाऱ्या भद्रावतीचे डोळेही लालभडक झाले होते.

मग राजा धृतिसेनाच्या दरबारात सभेने आपले म्हणणे मांडले. भद्रावती म्हणाली, "राजा, ही सभा हुकूम देत नाही, शिफारस करते. खजिना राजधानीत आणावा, त्यावर सैनिकांचा पाळीपाळीने पहारा ठेवावा, आणि ज्यांची झोप त्यांना परत द्यावी. सभेत यावर दुमत नाही."

"हा वडिलांचा शब्द आहे," राजा म्हणाला.

"दादा असता, तरी मी त्याला हेच सांगितले असते."

"महाराज, शब्द मोडलात तर गादी हलेल!" कालभृंग गरजला.

शेवंती लेकीला घेऊन पुढे उभी होती. आता बोलण्यासारखे तिच्याकडे काहीच उरले नव्हते. राजाने त्या बाळाकडे बराच वेळ पाहिले. मग तो सिंहासनावर ताठ बसला आणि म्हणाला, "याच सिंहासनाने दिलेली आज्ञा हेच सिंहासन परत घेत आहे. ज्याची झोप त्याला मिळो."

गादी हलली नाही. दूर डोंगरांत मात्र मेघगर्जनेसारखा आवाज झाला. साखळी तुटली, तिच्या कड्या तळ्यातून उसळल्या, एकेका कडीचा शुभ्र बगळा झाला, आणि थवेच्या थवे आपापल्या घराकडे उडाले. काठावर दगड झालेली माणसे अंग झटकून उठली. दरबाराच्या खिडकीतून दोन बगळे आत आले. एक शेवंतीच्या खांद्यात विरला, एक बाळाच्या कपाळात.

बाळाने भलीमोठी जांभई दिली आणि डोळे मिटले.

विजयाचा नगारा वाजवायला नगारचीने टिपरू उचलले. रणशूर धावत गेला आणि त्याने त्याचा हात वरच्यावर धरला. "वाजवू नकोस!" तो कुजबुजला. सारा दरबार चवड्यांवर चालू लागला. शेवंती सिंहासनाच्या पायरीला डोके टेकून गाढ झोपली होती. राजाने आपला शेला काढून मायलेकींवर घातला.

कालभृंगाचे मंत्र त्या दिवशी सरले. राजाने त्याला खजिन्याच्या पहाऱ्यावर नेमले, आणि पाळी संपली की त्यालाही झोपायला घरी सोडत.

मग राजाचा दूत साखर आणि नवी वस्त्रे घेऊन कांचनखोऱ्यात गेला. वेशीवर त्याने शिंग फुंकले. कोणी आले नाही. चावडीत पंच एकमेकांच्या खांद्यावर, ओट्यांवर बायका, माळावर मेंढ्या, मेंढ्यांत कुत्री, सगळे भरदुपारी निजलेले. एक म्हातारा झोपेत कोणाशी तरी गोड बोलत होता. दूताने साखरेची पोती वडाखाली ठेवली, स्वतःही सावलीत अंग टाकले, आणि तोही निजला.

कांचनखोऱ्याचे जे होते ते कांचनखोऱ्याला मिळाले. ऐकणाऱ्यांचे त्यांना मिळो, आणि रयतेचे ऐकणारे कान राज्याराज्यांत शाबूत राहोत.