नानासाहेबांची कमी पळालेली मोटार

नानासाहेब सरकारांनी काळी मोटार घ्यायची ठरवली, तेव्हा भैरूच्या कमरेतून निघालेली कळ थेट मस्तकात गेली.

भैरू हा चिंचघळी संस्थानचा ढकलणीस. इतर संस्थानांत चिटणीस असत, फडणीस असत. चिंचघळीत मोटार आल्यापासून ढकलणीसही होता. सरकारांनी आत बसून भोंगा वाजवायचा आणि भैरूनं मागून गाडी ढकलायची, असा रिवाजच पडला होता. ती जुनी मोटार एकदा उतारावरून सुटली, तळ्यात शिरली आणि तिथेच राहिली. त्या दिवशी भैरूनं मारुतीला नारळ फोडला. पण सरकारांना मोटारीवाचून करमेना, आणि खजिन्याची अवस्था बघता दुसरी मोटारही कुणीतरी वापरलेलीच घ्यावी लागणार होती.

दलालानं दोन गाड्या वाड्यापुढे आणल्या. काळी शेजारच्या राजांची. घेतल्या दिवसापासून ती पागेत उभी; दसऱ्याला तिला हार घालायचे, हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा झाकून ठेवायचं. आजही ती बैलगाडीवर चढवून आणली होती, का तर उगाच मैल वाढू नयेत म्हणून! दुसरी तांबडी, एका डॉक्टरांची. ती गावोगाव इतकी हिंडली होती की रंग पार विटून गेला होता. पण डॉक्टर स्वतः चहा घेण्याआधी तिला तेलपाणी करत आणि काही खडखडलं की त्याच दिवशी दुरुस्त करून घेत. ती आपल्या चाकांवर चालत आली होती.

सरकारांनी दोन्ही गाड्यांचे मैल विचारले आणि मिशीवर ताव दिला. कमी पळाली ती नवी, जास्त पळाली ती जुनी, यात विचार करण्यासारखं काय आहे, असं ते म्हणाले. दिवाणांनी मान डोलावली, मग सगळ्या दरबारानं डोलावली. भैरूची मान मात्र आखडली होती, आणि जीभ नको तिथे सुटली.

"सरकार, जी कधी पळालीच न्हाई, ती आता तरी कशापायी पळंल?"

सरकारांचे कान लाल झाले.

"अस्सं? मग उद्या आमची दाढी होईपर्यंत सिद्ध करून दाखव, की जास्त पळालेली चांगली. पण गाडी चालू करायची नाही, तिचं झाकण उघडायचं नाही, कुणा मिस्त्रीला आणायचं नाही. मोटारीला बोटसुद्धा लावायचं नाही! जमलं नाही, तर काळी मोटार घाट चढून आमच्या व्याह्यांच्या दारापर्यंत तू एकट्यानं ढकलायचीस."

भैरू घरी आला तो पालथाच पडला. तो घाट चढताना रिकाम्या हाताच्या माणसाचाही जीव निघायचा. त्याची लेक हौसा वाड्याच्या मुदपाकखान्यात पाणी तापवायची. तिनं बापाची कंबर चोळता चोळता सगळी हकिगत ऐकली आणि फिदीफिदी हसायला लागली. भैरू चिडला. इथे बाप मरायला टेकलाय आणि पोरीला हसू सुचतंय! हौसानं त्याला निवांत झोपायला सांगितलं आणि ती सरकारांच्या दगडू न्हाव्याच्या घरी निघून गेली.

सकाळी सरकार चौरंगावर बसले, शेजारी दिवाण उभे राहिले. भैरू दाराशी कंबर धरून उभा होता. हौसा गरम पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि तिच्यामागून दगडूच्या जागी दगडूचा चुलतभाऊ केरबा आला. हा केरबा उभा जन्म वाड्याच्या बँडात झांजा वाजवत आलेला. त्यानं सरकारांच्या तोंडाला डोळ्यांपर्यंत फेस फासला आणि आपल्या आज्याची पेटी उघडून वस्तरा काढला. वस्तऱ्याला वाळक्या झेंडूची माळ होती. पातं उघडेना. केरबानं ते गुडघ्यांत दाबून ओढलं, तेव्हा ते करकरत उघडलं. त्यावर गंज होता, आणि गंजावर कुंकू. मग वस्तरा कुठल्या बाजूनं धरायचा असतो, हे त्यानं अदबीनं सरकारांनाच विचारलं.

सरकारांनी दोन्ही हातांनी मिशा झाकल्या.

"हे कुणाला आणलंय?"

"सरकार, ह्यो काळ्या मोटारीवाणी हाय," हौसा म्हणाली. "हात अगदी कोरं! आजवर एक दाढी केली न्हाई. वस्तरा पेटीत, आन् पेटीची पूजा दसऱ्याच्या दसऱ्याला."

"दगडू कुठाय?"

"भायेर हुबा हाय की. पर त्यो लई पळालेला हाय, सरकार. निम्म्या संस्थानाच्या दाढ्या केल्यात त्यानं. रोज उठून वस्तऱ्याला धार लावतो, तेल लावतो, पुसून ठेवतो ही गोष्ट येगळी."

"बोलाव त्याला! आधी बोलाव!"

हौसा जागची हलली नाही. "बोलावते, सरकार. फकस्त येवढं सांगा, न्हावी मैल बघून घ्यायचा, का धार बघून?"

दिवाण छताकडे बघू लागले. भैरूला वाटलं, आता घाट काही चुकत नाही. मग फेसाखालून खसखस ऐकू आली, ती वाढत गेली आणि सरकार इतके हसले की दिवाणांचा अंगरखा फेसानं माखला.

"पोरी, मोटारीला बोट न लावता तू आमचंच तोंड बंद केलंस!"

काळी मोटार पुन्हा बैलगाडीवर चढली. तांबडी वाड्यावर राहिली. हौसाला गळ्यात घालायला सोन्याच्या पुतळ्या मिळाल्या, आणि दाढी होताच सरकार फेरफटक्याला निघाले. भैरूनं सवयीनं मागे खांदा लावला, डोळे मिटले आणि जोर केला. पुढे ड्रायव्हरनं हँडल फिरवलं तशी मोटार पहिल्याच फेऱ्यात सुरू झाली, तो चाकाशी बसताच भुर्रकन पुढे गेली, आणि भैरू धुळीत लोटांगण घालून राहिला.

सरकारांनी गाडी थांबवायला लावली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं दार उघडलं.

"उठा ढकलणीस, आत या. आजपासून पगार तोच, पण काम बसायचं!"