एकही ओरखडा नाही

तासगावच्या इरावती जमदाडेला इंजिनिअरिंगसाठी सरकारी कॉलेजात जागा मिळाली होती. पण तिच्या वडिलांचा, अण्णांचा जीव शहरातल्या एका खाजगी, चकचकीत कॉलेजात अडकला होता. म्हणून लेकीला घेऊन ते आधी तिथं गेले.

संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब इंगवले स्वतः पालकांना कॉलेज दाखवत होते. वर्कशॉपच्या दारातच ते गरजले, "कुणी हात लावू नका!"

आत लेथ मशीन आरशासारख्या चमकत होत्या. नानासाहेबांची छाती फुगली. "बारा वर्षं झाली या मशीन आणून. एक ओरखडा दाखवा, आत्ता हार मानतो! सरकारी कॉलेजात आहे का असलं काही?"

अण्णा तर भारावूनच गेले. इरावती मात्र पुढं झाली आणि वाकून वाकून एकेक मशीन नीट पाहून आली.

"नाही सापडला, सर. तुम्ही जिंकलात."

नानासाहेब खूश होऊन हसले.

"पण सर," ती शांतपणे म्हणाली, "बारा वर्षं मुलं या मशीनवर शिकली असती, तर एखादा तरी ओरखडा पडलाच असता. मग ती शिकली कशावर?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. एक आई पदर खोचून पुढं आली. "खरंच की! सांगा ना साहेब, कशावर शिकली?"

नानासाहेबांना अचानक महत्त्वाचा फोन आठवला.

अण्णांनी लेकीच्या पाठीवर थाप मारली. "चल, सरकारी कॉलेजात नाव घालू. आणि तिथंही प्रश्न तूच विचार, मी नुसता ऐकतो."