पोत्याच्या शिवणीतली कात

“पण बुवा, ही तर नुसती कात आहे. किडा कुठाय?”

व्यंकटने तळहात पुढे केला. त्यावर जिऱ्याहून बारीक, तांबूस, केसाळ असं काहीतरी होतं. फुंकर मारली तर उडून जाईल इतकं हलकं.

निरंजनबुवांनी ते पाहिलं. मांडीवरच्या फाटक्या घोंगडीला टाके घालत राहिले.

मठाच्या फाटकाबाहेर मोतीशेठचा ट्रक उभा होता, झेंडूच्या माळा घातलेला. शेठनी दूरच्या बाजारातून गहू आणला होता, मठाच्या कोठाराला दान म्हणून. हे कोठार बियाण्याचं. खोऱ्यातल्या साऱ्या गावांचं जुनं बी, बन्सी गहू, दगडी ज्वारी, त्या एका दगडी खोलीत असे. दुसरीकडे ते आता कुठे मिळत नव्हतं. गेलं असतं तर कायमचंच गेलं असतं.

कोठार सांभाळायचा व्यंकट. किड्यांचं शास्त्र शिकून आलेला बुवांचा शिष्य. हुशारी त्याच्याकडे पोतंभर होती, फक्त त्या पोत्याचं तोंड कधी बांधलेलं नसे. सकाळी त्याने गहू चाळला, पाण्यात टाकून पाहिला, दाताखाली फोडला आणि फाटकापाशी जमलेल्या सगळ्या गावांदेखत सांगून मोकळा झाला, “निर्मळ आहे. व्यंकटचा शब्द!”

मग सहज एका पोत्याच्या शिवणीवरून बोट फिरलं, आणि बोटाला ही कात चिकटली.

“नाव काय म्हणालास त्याचं?” बुवांनी विचारलं.

“खापरा.”

“वा! म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावर फुटणार.”

व्यंकटला हसू आलं नाही.

“मला किड्यांतलं काय कळतंय? तूच सांग,” बुवा म्हणाले. “आपल्याकडे आहे का हा?”

“आपल्या खोऱ्यात अजून शिरलेला नाही.”

“उडत येईल?”

“पंख असून उडत नाही, बुवा. पोत्यातून, गाडीतून माणसंच त्याला घरोघर पोचवतात.”

“आणि शिरला तर?”

“अळी भिंतीच्या फटीत जाऊन बसते. दाणा नाही मिळाला तरी वर्षानुवर्षं उपाशी राहते. आणि मिळाला की...”

“वर्षानुवर्षं!” बुवांना कौतुक वाटलं. “आपली एकादशी दुपारीच डळमळते.”

“पण शिरेलच असं नाही ना!” व्यंकटचा आवाज चढला. “शंभरात एखादा संभव. कात जुनी असेल. पोतं आधी दुसऱ्या कशाला वापरलं असेल. एवढ्याशा गोष्टीसाठी भरला ट्रक माघारी धाडायचा? लोक म्हणतील, सकाळी एक बोलला, दुपारी दुसरंच.”

“हं...”

सुई थांबली.

“व्यंकट, तू धोका मोजतोयस तो कोठाराचा, का तुझा?”

बुवांनी त्याचा हात हातात घेतला. कातीवर त्याची बोटं एकेक करून मिटवली. आणि पुन्हा घोंगडी ओढून घेतली.

व्यंकट उठून बाहेर आला. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. मूठ अजून मिटलेलीच होती.

“आरं व्यंकट, उतरव की पोती!” गयाबाई गर्दीतून ओरडली. “मुहूर्त बघतूस का काय?”

मोतीशेठ व्यापारी माणूस. चेहरा वाचणं हा त्यांचा धंदाच. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, “काहीतरी सापडलंय तुम्हाला. देवाच्या दारात माझाही मान जाईल आणि तुमचाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, व्यंकटराव. राहू द्या झाकलेली.”

व्यंकटने मूठ उघडली.

“ऐका!” तो म्हणाला. “सकाळी मी गहू निर्मळ म्हणालो. चुकलो मी. दाणे पाहिले, पोती पाहिली नाहीत. कात टाकणारा जीव मेलेला नसतो. यातलं एकही पोतं फाटकाच्या आत येणार नाही.”

क्षणभर कोणाला काही कळेना. मग कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसणं पसरत गेलं. शेठचे कान लाल झाले. व्यंकट फाटक अडवून उभा राहिला.

मग त्याने पांढरं उपरणं ट्रकच्या फळीवर पसरलं आणि शिवणी उसवायला घेतल्या. पहिल्या पोत्यात काही नाही. दुसऱ्यातही नाही. हसणं वाढलं. त्याने खालचं, कोपऱ्यातलं पोतं ओढलं, त्याची दुमडलेली कड उलगडली आणि झटकली.

उपरण्यावर तांबूस, केसाळ अळ्या वळवळू लागल्या.

“अगं बया!” गयाबाईने तोंडावर हात धरला. “जित्त्या हायेत की!”

हसणं बंद झालं. मोतीशेठनी दोन्ही हात जोडले. “माझ्या हातून केवढं पाप घडणार होतं...” म्हणत त्यांनी स्वतःच ताडपत्री ओढून ट्रक झाकला. ट्रक दूर उघड्या माळावर गेला, कीड मारायला धुरी देणाऱ्यांना निरोप गेला, आणि कोणीतरी हलगीवर टिपरी मारली.

पोरांनी व्यंकटला खांद्यावर घेतलं. त्याची छाती अशी फुगली की सदऱ्याच्या गुंड्यांची काही खात्री राहिली नाही. आणि का फुगू नये? खोऱ्याचं बी वाचलं होतं!

खांद्यावरून उडी मारून तो धावत आत आला.

“बुवा, जिंकलो! निघाल्या अळ्या, जिवंत निघाल्या!”

बुवांनी दोरा दाताने तोडला.

“आणि नसत्या निघाल्या तर?”

बाहेर हलगी कडकडत होती. व्यंकट खाली बसला. कोरं उपरणं त्याला डोळ्यांपुढे दिसलं, आणि पोट धरून हसणारी माणसं.

“तरी ट्रक बाहेरच राहिला असता,” तो म्हणाला. “लोक जन्मभर हसले असते, बुवा... हसू दिलं असतं.”

बुवा घोंगडी बाजूला सारून, गुडघ्यांवर हात देत उठले, आणि भिंतीला टेकवलेली काठी त्यांनी व्यंकटच्या हातात दिली.

“ही धर जरा. मला नाचायचंय.”