विमानात बसलेला चौदाचा पाना

पाने-पकडी आपापसांत गप्पा मारत, त्या काळची गोष्ट. विश्राम मिस्त्रींनी परसात स्वतःच्या हाताने विमान बांधलं आणि त्याच्यासाठी भंगारातल्या मोटारीचं रोटरी इंजिन आणलं. ते खोलायला चौदा नंबरचा पाना राबला. आत फिरणारा तिकोनी रोटर रॉकेलने धुऊन परत बसवला, इंजिन विमानाला आवळलं, आणि पान्याच्या डोक्यात हवा गेली.

"खोललं मी, जोडलं मी, आणि उडणार हा तिकोन्या? मीपण जाणार!"

"अरे, आपली जागा फळीवर," पक्कड म्हणाली.

पण मिस्त्रींची पाठ वळताच पाना इंजिनाखालच्या सांदीत घसरला. मिस्त्रींनी वरून पत्रा बसवला.

सकाळी उड्डाण बघायला अख्खा गाव जमला. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे आधी हत्यारांची फळी पाहिली. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली होती, आणि एक आकृती रिकामी होती.

"पाना आत राहिला असेल तर वर गेल्यावर माझा जीव घेईल," मिस्त्री म्हणाले. "इंजिन उतरवा!"

पण इंजिनाचे बोल्ट होते चौदाचे. ते सोडवायला मिस्त्री चौदाचा पाना शोधत बसले. आत पाना ओरडून ओरडून थकला. कंटाळून गाव घरी गेला.

शेवटी शेजारच्या पंपवाल्या हुसेनभाईंचा गंजका पाना मागून आणला. कुरकुरत त्याने सगळे बोल्ट सोडवले. इंजिन उचललं, तर खाली तेलाने माखलेला चौदाचा पाना!

गंजक्याने त्याला आदराने विचारलं, "काय दादा, कुठवर जाऊन आलात?"