तीन तारांतली एक

"खटका खाली होता, बंद होता, चाचा. माझ्या डोळ्यांनी बघितला मी. मग दादा मेला कसा?"

दस्तगीरचाचा दर्ग्याच्या पायरीवर बसून लिंबाची पानं झाडत होते. झाडू थांबला नाही.

"बस," ते म्हणाले.

मी बसलो नाही.

दादाला माती देऊन नऊ दिवस झाले होते. इराण्णा त्याचं नाव. इचलकरंजीत चार मागांचा पत्र्याचा कारखाना त्यानं भाड्यानं घेतला होता. त्याआधी सहा वर्षं तो चाचांच्या हाताखाली वायरिंग शिकला. गावातल्या निम्म्या कारखान्यांचे बोर्ड त्या दोघांनी बसवलेत.

मीही शिकायला गेलो होतो. दोन महिन्यांत सोडून आलो. चाचा मला वायरला हात लावू देत नव्हते. जुने काढलेले ब्रेकर हातोडीनं फोडायला बसवायचे. फोडल्याशिवाय एकही भंगारात जायचा नाही. मला वाटायचं, म्हातारा चांगला माल वाया घालवतो.

मी हातातलं फडकं सोडलं आणि आतला ब्रेकर पायरीवर ठेवला. दादाच्या कारखान्याचा मेन. सगळ्या मागांची वीज यातूनच जायची.

"भंगारवाल्यानं हा मला दिला. चालू आहे म्हणाला. तुम्ही एवढंच सांगा, की चूक त्याची आहे. पुढचं मी बघतो."

"पुढचं काय?"

"गोडाऊन पेटवतो त्याचं."

"तो आत असताना, का नसताना?"

रस्त्यावरून सुताची गाठोडी भरलेला एक टेम्पो गेला.

"असताना," मी म्हणालो.

चाचांनी झाडू बाजूला ठेवला. लुंगीला हात पुसले आणि ब्रेकर उचलून उन्हात धरला.

"छान पुसलायस."

"थिनरनं पुसला."

"आणि हे लेबल?"

"जुनं खरवडून काढलं. नवी छापून मिळतात."

"दोन महिन्यांत बरंच शिकलास की."

मी मान खाली घातली नाही. त्या वेळी मला त्यांचाही राग आला होता.

"चांगला होता का हा?" त्यांनी विचारलं.

"होता. मी तपासला होता."

"कसा?"

"खटका वरखाली करून. तीन वेळा. चांगला वाजत होता."

"आता कर बघू."

मी खटका वर केला, खाली केला. टक् असा आवाज झाला. घट्ट, नव्यासारखा.

"वाजला?"

"वाजला."

"मग चांगला आहे."

"चांगला असता तर माझा भाऊ..."

"त्या दिवशी तू एवढंच बघितलं होतंस. आजही तेवढंच बघितलंस. काय फरक आहे, सांग."

चाचा उठून मागच्या खोलीत गेले. स्क्रूड्रायव्हर आणि छोटी छिन्नी घेऊन आले. एकेक रिव्हेट उडवलं. घाई केली नाही. वरचं झाकण निघालं तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास आला.

"आता खटका खाली कर आणि आत बघ."

मी खाली केला.

आत तांब्याच्या जोड्या होत्या, तीन तारांच्या तीन. दोन जोड्या उघडल्या. तिसरी हलली नाही. तिथलं तांबं वितळून एकमेकांत गेलं होतं. काळं पडलं होतं.

"हा आधी कुठं तरी मोठ्या शॉर्टमध्ये सापडलेला आहे," चाचा म्हणाले. "त्या दिवशी यानं कुणाला तरी वाचवलं असेल. यांचं काम तेवढ्यावरच संपतं. मग कुणी तरी याला काढून टाकला, आणि कुणी तरी उचलला."

"म्हणजे..."

"दोन तारा सुटल्या, म्हणून माग थांबले. इराण्णाला वाटलं, वीज गेली. तिसरीत ती होतीच."

मी त्या काळ्या जोडीकडं बघत राहिलो. नखानं ओढून बघितलं. निघाली नाही. स्क्रूड्रायव्हर घालून जोरात ओढलं. तरी निघाली नाही.

"राहू दे," चाचा म्हणाले.

मी थांबलो नाही. स्क्रूड्रायव्हर सटकून अंगठ्यात घुसला तेव्हा थांबलो.

चाचांनी फडक्याची पट्टी फाडून माझ्या अंगठ्याला बांधली. बांधता बांधता म्हणाले,

"इराण्णा सहा वर्षं माझ्याकडं होता. टेस्टर लावल्याशिवाय त्यानं कधी तारेला बोट लावलं नाही. मी म्हणालो, बंद केलंय रे, तरी लावायचा. मला राग यायचा कधी कधी. गुरूवर पण विश्वास नाही म्हणायचो. नुसता हसायचा आणि लावायचा."

मी पट्टीकडं बघत होतो.

"त्या दिवशी टेस्टर नव्हता का खिशात?"

"होता."

"मग लावला का नाही?"

मी पट्टीची गाठ घट्ट करायला लागलो.

"मल्लू," चाचा म्हणाले.

"मला काय माहीत, चाचा."

"तू कुठं होतास?"

"तिथंच."

"मग तुला माहीत आहे."

दर्ग्यात एक बाई आली. नारळ ठेवून, डोकं टेकवून गेली. चाचांनी तिला मान हलवून सलाम केला आणि पुन्हा माझ्याकडं बघत बसले. त्यांना घाई नव्हती.

"एका मागाची वायर तापत होती," मी म्हणालो. "त्यानं मेन खाली केला. माग थांबले. मग टेस्टर काढायला त्यानं खिशात हात घातला."

"मग?"

"मी म्हणालो..."

"काय म्हणालास?"

"म्हणालो, दादा, हा मी स्वतः तपासून बसवलाय. माझ्यावरसुद्धा भरवसा नाही का तुझा?"

चाचांनी डोळे मिटले.

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. हसला. हात खिशातून रिकामाच काढला... मला दाखवायला, चाचा. मला बरं वाटावं म्हणून त्यानं तशीच तार धरली."

चाचांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांची पाठ मला दिसत होती.

हे मी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. वहिनी मला समजावते, भाऊजी, तुम्ही खचू नका म्हणते. ती वाढते आणि मी जेवतो. नऊ दिवस मी भंगारवाल्याला शिव्या देत होतो, कारण शिवी थांबली की दादाचा तो हात दिसायचा.

"मारा मला," मी म्हणालो. "चपलेनं मारा. इथं सगळ्यांसमोर मारा."

चाचा वळले. डोळे लाल होते, पण आवाज कामावरचा होता.

"असले किती आणले होतेस?"

"कसले?"

"ब्रेकर."

"पाच."

"एक हा. बाकीचे?"

"दोन घरी आहेत. खाटेखाली."

"चौथा?"

"विकला. बाजारात एक माणूस आला होता, शेतावरच्या मोटरीला पाहिजे म्हणाला."

"कुठल्या गावचा?"

"विचारलं नाही."

"नाव?"

"नाही विचारलं."

नदीपलीकडं शेतं दिसत होती. प्रत्येक शेतात मोटर होती. चाचा तिकडं बघत होते, आणि मग मीही बघायला लागलो.

"पाचवा?"

"गौराक्काच्या पिठाच्या गिरणीत. मीच बसवून दिला."

"तिलाही सांगितलंस, तपासलाय म्हणून?"

"...सांगितलं."

मी पायरीवर बसलो. आल्यापासून पहिल्यांदा. खूप रडायला येत होतं, आणि एकच गोष्ट विचारायची होती. खरं तर तेवढीच विचारायला मी आलो होतो. गोडाऊन पेटवायचं बोलणं वरवरचं होतं.

"चाचा, तुम्ही दर्ग्यात बसता. तुम्हाला कळत असेल. दादा मला माफ करेल का?"

चाचांनी उघडा ब्रेकर माझ्या मांडीवर ठेवला.

"गिरणीत उंदीर फार," ते म्हणाले. "वायर कुरतडली की गौराक्का स्वतःच टेप लावते... नेमानं, नुसता खटका खाली करून. ऊठ."